मंदाताईंचा पॅसेज

"बंब काय स्वतःच्या पायांनी चालत आला का पॅसेजमध्ये?" सुरुचीने विचारलं.

"चालत कशाला येईल? रिक्षाने आला," मंदाताई म्हणाल्या. "मुर्ध्याहून. मी एका बाजूला, तो एका बाजूला. रिक्षावाला म्हणाला, दो सवारी है क्या?"

"आई, मी थट्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय? दोन सवाऱ्यांचेच घेतले मेल्याने."

सोफ्यावर यतीन उजवा पाय टीपॉयवर ठेवून बसला होता. पायाच्या अंगठ्यावर नॅपकिनमध्ये गुंडाळलेला बर्फ. सकाळी अंधारात पाणी प्यायला उठताना तो त्या बंबावर आपटला होता, आणि भांडण तिथून सुरू झालं होतं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको. तो बर्फाकडेच बघत होता.

"तुझं काय म्हणणं आहे?" सुरुचीने नवऱ्याला विचारलं.

"दुखतंय," यतीन म्हणाला.

काशीनाथराव, म्हणजे मंदाताईंचे यजमान, पेपरच्या मागे होते. तेच पान ते पाऊण तास वाचत होते.

"परवा रविवारी सुतार येणार," सुरुची म्हणाली. "पॅसेजमध्ये भिंतभर कपाट करायचं, हे चार महिन्यांपूर्वी ठरलंय. सगळ्यांनी हो म्हटलंय. तुम्हीपण. आता कपाट करायचं तर हे सामान कुठे जाणार? मी ऑफिसमधून येते आणि माझ्याच घरात तिरकी चालते. शेजारच्या मिनलला बाळ होणार म्हणून ती आपल्याकडे यायचीच बंद झालीय. ती म्हणते, काकी, मी मावत नाही."

आणि मिनल खरंच मावत नव्हती.

पूनम सागरमधल्या त्या घराचा पॅसेज पावणेचार फूट रुंद होता. त्यातले दोन फूट मंदाताईंनी गेल्या सहा वर्षांत हळूहळू व्यापले होते. आधी एक पानाचा डबा आला. तो लहान म्हणून कोणी बोललं नाही. मग शेवयांचा सोऱ्या, दोन अडकित्ते, फिरकीचा तांब्या, मग जातं, मग लहान मूल आरामात बसेल एवढं तांब्याचं घंगाळ आणि आता बंब. सगळ्या मिळून एकतीस वस्तू. मंदाताईंना त्या पाठ होत्या. कुठली कुणाच्या घरातून आली, देताना ती बाई काय म्हणाली, चहात साखर किती होती, तेसुद्धा.

याची सुरुवात एका चुकीत होती. लग्नानंतर त्या लालबागच्या एका खोलीत आल्या, तेव्हा सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर खच्चून भरलेली होती. ब्याण्णव साली मीरा रोडला फ्लॅट घेतला. नवीन घर, नवी भांडी. मंदाताईंना भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ऑफिसात नोकरी लागली होती, कामगारांना माल सवलतीत मिळायचा. त्यांनी सासूबाईंचं सगळं मोडीत घातलं आणि घर स्टीलने भरलं. बावीस वर्षं त्यांनी त्या कारखान्यात डबे, पातेली, चमचे यांच्या ऑर्डरी लिहिल्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी कारखान्याने त्यांना भेट दिली. स्टीलचा डिनर सेट.

तो सेट घेऊन त्या घरी आल्या, ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "मला याचा वीट आलाय."

मग त्या हिंडायला लागल्या. मुर्धा, राई, डोंगरी या भाईंदरकडच्या गावांत, जिथे जुनं घर पाडून इमारत होणार असेल तिथे. त्यांची एक रीत होती. सामान विकायला काढलेल्या दिवशी जायचं नाही, तेव्हा माणसं घासाघीस करतात. सामान हलवायच्या दिवशी जायचं. तेव्हा घरच्या बाया दमलेल्या असतात आणि कुणीतरी बसून ऐकावं असं त्यांना वाटत असतं. मंदाताई ऐकायच्या. पर्समध्ये चिंचेचा गोळा असायचा. भांडं काळंठिक्कर असलं की बोटाने कोपऱ्यात चिंच घासून आधी तांबं की पितळ ते बघायच्या, आणि मग सहज विचारायच्या, "माळ्यावर आणखी काही आहे का हो?"

माळ्यावर असायचंच. मुर्ध्याच्या आनंदीबाईंनी असाच बंब खाली काढला. "ने गो बाय," त्या म्हणाल्या. "घरान गीझर हाय आता, या बंबाला कोन इचारतो? माझी सून त्यान झाडू ठेवते." मंदाताईंना ते ऐकून रडू यायचं बाकी होतं.

घरी मात्र कडक नियम. वस्तू दिवाळीआधी एकदा त्या स्वतः घासणार. एरवी कोणी हात लावायचा नाही. मोलकरणीनेसुद्धा नाही. पुसायच्या नाहीत, हलवायच्या नाहीत, झाकणं उघडून बघायच्या नाहीत.

तर ते भांडण. मिनल मावत नाही हे ऐकल्यावर मंदाताई म्हणाल्या, "ठीक आहे. घेऊन जा म्हणावं सगळं."

"कोणाला?" यतीनने पहिल्यांदाच मान वर केली.

"ईश्वरभाई आहेत ना, ते डोंगरीच्या बाजूला रिसॉर्टला असलं सामान पुरवतात. दोनदा विचारून गेलेत. उद्या बोलावते."

हे इतकं सरळ झालं, की जिंकल्यावर काय करायचं ते सुरुचीला सुचेना. "सगळंच नको, आई. दोन-चार ठेवा," ती म्हणाली.

"दोन-चार कुठली ठेवू? तू सांग." मंदाताई आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी आमटीत मीठ घातलं नाही आणि कोणी मागितलंही नाही.

शनिवारी अकरा वाजता ईश्वरभाई टेम्पो घेऊन आले. पन्नाशीचा गोल माणूस, खांद्यावर गोणपाटं. पॅसेज बघून त्यांनी हात जोडले.

"ताई, हे घर आहे का म्युझियम? चला, जल्दी करू. टेम्पो गेटपे उभा आहे, वॉचमन शिट्ट्या मारतोय."

"थांबा," मंदाताई म्हणाल्या. त्या स्वयंपाकघरातून तांदळाचा डबा घेऊन आल्या. "घरातून रिकामं भांडं देत नाहीत. प्रत्येकात मूठभर घालते, मग न्या."

"तीस-तीस भांड्यांत?"

"एकतीस."

ईश्वरभाई स्टुलावर बसले. सुरुची दाराला टेकून उभी होती. तिला हे बघवत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं. सहावीतली सान्वी आजीच्या मागे डबा धरून उभी राहिली, पण आजी जात्याजवळ पोचली तशी ती एकदम म्हणाली, "आजी, जात्यात नको. जातं काही भांडं नाही."

"पोटाला लागणारी वस्तू आहे. भांडंच ते." मंदाताईंनी जात्याच्या तोंडात तांदूळ सोडले. तांदूळ खाली जाईनात. तिथेच ढीग झाला. त्यांनी बोट घातलं आणि आतून कागदाची एक गुंडाळी ओढून काढली.

गणिताची चाचणी. पंचवीसपैकी सात. खाली पालकाची सही: का. ना. म्हात्रे.

"बाबा!" सुरुची म्हणाली.

"तिने रडून मागितली," काशीनाथराव पेपरमागून म्हणाले. "आणि सात काही वाईट नाहीत. आमच्या वेळी..."

"आमच्या वेळी काय ते नंतर सांगा." मंदाताई बंबाकडे वळल्या. त्याचं वरचं तोंड अरुंद, म्हणून त्यांनी तांदळाची मूठ खाली निखाऱ्यांच्या जागेत घातली. हात आत गेला आणि तिथेच थांबला. बाहेर आला तेव्हा हातात मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका होता. खोक्यात मोहनथाळ. सहा वड्या, त्यातली एक अर्धी खाल्लेली.

काशीनाथरावांची साखर गेल्या महिन्यात दोनशे ऐंशी निघाली होती.

"बंब बुधवारी आलाय," मंदाताई म्हणाल्या. "तीन दिवसांत जागा शोधलीत?"

"आधी घंगाळात होता," काशीनाथराव प्रामाणिकपणे म्हणाले. "पण घंगाळाला झाकण नाही."

ईश्वरभाई पुढे झुकले. "ताई, पानाचा डबा बघा. पानाच्या डब्यात हमेशा काहीतरी असतं. धंद्याचा अनुभव आहे."

"पानाचा डबा छोटा आहे, राहू दे," यतीन म्हणाला आणि लंगडत उठला. पण लंगडा माणूस मंदाताईंच्या आधी कुठे पोचणार? चुन्याच्या वाटीच्या जागी एक छोटी निळी बाटली होती. सुरुचीने ती घेतली, लेबल वाचलं, परत वाचलं.

"केस उगवायचं औषध?"

"ते असंच. ट्रायल होतं."

"मला म्हणालास ना, टक्कल खानदानी आहे, मी मनाने स्वीकारलंय. आणि बाथरूममध्ये वीस-वीस मिनिटं काय करतोयस विचारलं तर म्हणालास, ध्यान."

काशीनाथरावांनी नकळत स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "उपयोग होतो का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"छान," मंदाताई जमिनीवर बसल्या. राग आलाय की हसू, ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. "अडगळ, अडगळ म्हणून माझं डोकं खाल्लंत. आणि सगळ्यांची कपाटं माझ्याच अडगळीत! सुरुची, एक तूच काय ती सरळ बोललीस. तुझं म्हणणं तरी खरं होतं."

सुरुची घंगाळाकडे बघत होती.

घंगाळात जुनी चादर घडी करून ठेवली होती. मंदाताईंनी तांदूळ टाकायला ती उचलली. तिच्याखाली, तळाशी, पितळी अडकित्ता. पोपटाच्या आकाराचा, डोळ्याच्या जागी लाल खडा, एका मुठीला बारीक साखळी.

त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. "हा माझा नाही."

"काय ताई, तुमच्याच घरात आहे!" ईश्वरभाई म्हणाले. "मस्त पीस आहे."

"माझे अडकित्ते दोनच. एक मोराचा, एक साधा. पोपट माझ्याकडे कधीच नव्हता. मोजून एकतीस वस्तू आहेत माझ्या, ही बत्तिसावी कोणाची?"

काशीनाथरावांनी मान हलवली. यतीननेही. सान्वी म्हणाली, "माझा फक्त पेपर होता."

"माझा आहे," सुरुची म्हणाली.

काशीनाथरावांचा पेपर खाली आला.

"मे महिन्यात मामाचं रोह्याचं घर रिकामं केलं ना, तेव्हाचा. मामा सगळं भंगारवाल्याला देत होता. मी नुसता हातात घेऊन बघितला. मग खाली ठेवावासाच वाटेना." तिचा आवाज जरा चढला. "घरी आणला तर ठेवणार कुठे? इथे रोज मीच ओरडत होते. म्हटलं, एकतीस वस्तूंत एक कोणाच्या लक्षात येतेय."

"माझ्या आली असती," मंदाताई म्हणाल्या. "दिवाळीला."

"दिवाळीच्या आधी काढून घेणार होते."

मंदाताईंनी पदराने पोपटाचा डोळा पुसला. अडकित्ता दोनदा उघडून मिटवला. "सांधा ढिला नाही अजिबात," त्या म्हणाल्या. "चांगली नजर आहे तुझी." आणि अडकित्ता सुनेच्या हातात दिला.

खाली वॉचमनची शिट्टी वाजली. ईश्वरभाई उठले, गोणपाटं खांद्यावर टाकली. "तो फिर, बंबापासून उचलायला सुरू करू?"

मंदाताईंनी तांदळाच्या डब्याचं झाकण लावलं. "करा," त्या म्हणाल्या, पण बंबासमोरून उठल्या नाहीत.

"बंब जरा जडच आहे," काशीनाथराव म्हणाले. "मग बघू की कधीतरी."

"आणि पानाचा डबा तर जागाच घेत नाही," यतीन म्हणाला.

सुरुचीने दोघांकडे असं बघितलं, की दोघेही खाली बसले. मग ती सासूबाईंकडे वळली. मंदाताई मान खाली घालून जमिनीवर सांडलेले तांदूळ एकेक करून वेचत होत्या. सुरुचीने अडकित्ता मुठीत धरला आणि ऑफिसात सूचना वाचून दाखवतात तशा आवाजात सांगितलं, "ईश्वरभाई, टेम्पो परत न्या. सुतार उद्या ठरल्याप्रमाणे येईल. पण कपाट होणार नाही. पॅसेजच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होतील, वीतभर रुंद. जड वस्तू गॅलरीत जातील. बाकीच्या फळ्यांवर. बत्तीसच्या बत्तीस वस्तू राहतील, सगळ्या झाकणं काढून. आणि एकाही फळीला दार नसेल."