पाणी भरलं असन, म्हणे

आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावाकडं कोणाले खाली सूज आली त डॉक्टरचं नाव कोणी घेत नाही. पाणी भरलं असन, म्हणते. विषय संपला. मच्छर चावते, कोणाले हत्तीपाय होते, कोणाले हायड्रोसील. गावात दोन-चार म्हातारे पाय फाकवून चालणारे असतेच. सर्दी-पडशासारखंच ते आमच्यासाठी. मी त त्याच्यावर टाळ्या कमावल्या आहेत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे नाटक-गाण्याची जत्रा भरते, तिथं स्टेजवर माझे नकलेचे आयटम ठरलेले: एसटीचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर, मतं मागायले आलेला नेता, आन् शेवटी धोतर सांभाळत बाजाराले निघालेला पाणीवाला बुवा. सगळ्यात जास्त शिट्ट्या बुवालेच.

त मी कोणाले काही सांगायले गेलो का लोक आधीच हसायले तयार.

दिवाळी व्हायची होती, हलक्या धानाची कापणी चालू होती. चुलीवरच्या गरम पाण्यानं आंघोळ करून राहिलो होतो. साबण लावता लावता खाली डाव्या गोटीवर बोटाले काहीतरी लागलं. लाखोळीच्या डाळीच्या दाण्यायेवढं, तसंच कडक. दाबून पाहिलं, दुखलं नाही. उजवी पाहिली, ती साफ गुळगुळीत. पुन्हा डावी पाहिली. दाणा तिथंच. बादलीतलं पाणी थंड होऊन गेलं, मी तसाच बसलेला.

संध्याकाळी पानठेल्यावर माझ्या दोस्ताले सांगितलं. हा मंडईत डीजे वाजवते, लहानपणापासूनचा जिगरी. त्यानं सगळ्या पोट्ट्याइले हाक मारून बोलावलं, म्हणे ऐका, नवीन आयटम आला. मी म्हटलं आयटम नाही बे, खरंच आहे. त पोट्टे अजून हसले. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज थोडा फाटला, आन् दोस्त म्हणे, "ॲक्टिंग जमून राहिली भाऊ. हेच स्टेजवर घे."

आपल्याइथं माणूस कंबरेच्या वर मेला तर रडतात, कंबरेच्या खाली मेला तर हसतात. हे मी तवा शिकलो.

मग मामाले सांगितलं. मामाचं मोबाईलचं दुकान आहे, मी तिथंच रिपेअरिंग करतो. मामा वाईट माणूस नाही. पण मामाले सगळं माहीत असते. हा त्याचा रोग आहे आन् त्याच्यावर कोणतं शिबिर लागत नाही.

"पाणी भरलं असन," मामा म्हणे. "कापणी निपटली का हायड्रोसीलचं शिबिर लागते. तिथं काढून टाकू."

"मामा, सूज नाही. दाणा आहे."

"दाण्याचंच मग पाणी होते. तवरिक लंगोट बांधजो."

दाण्याचं पाणी होते. कोणत्या शाळेत शिकवते हे? मोबाईल उघडायच्या आधी मामा गिऱ्हाइकाले दहा प्रश्न विचारते, पडला होता का, पाण्यात गेला होता का, चार्जर कोणता. आन् भाच्याच्या अंगात काय चालू आहे त्याचं निदान यानं गल्ल्यावर बसल्या बसल्या केलं, नोटा मोजता मोजता. बाजारातला एक इंजेक्शनवाला त त्याच्याही पुढचा. सुईनं पाणी ओढून देतो म्हणे, दोन मिनिटांचं काम. त्या सुईले भेऊन मी पळून आलो. पुढं कळलं का ते पळणंच माझ्या कामाले आलं. अशा गाठीत खालून सुई टोचली त उलटं काम बिघडते.

बाकी मी काय केलं? शिबिराची वाट पाहिली. दुखत नव्हतं ना. दाणा वाटाण्यायेवढा झाला, डावी बाजू जड वाटायले लागली, जशी कोणी खिशात गोटा टाकून ठेवला. मंडईत मी बुवा केला. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. स्टेजच्या मागं येऊन मी भिंतीले टेकून उभा राहिलो आन् आतल्या आत सगळ्या गावाले शिव्या दिल्या.

शिबिरात सगळे म्हातारे, मी एकटा जवान पोट्टा. मामा बाजूले बसून लोकाइले सांगून राहिला होता का आमच्या भाच्याले लवकरच भरलं. नंबर आला. आतला डॉक्टर बाहेरगावचा होता. कधीपासून आहे, त्यानं विचारलं. आन् माझ्या तोंडातून कंडक्टर निघाला. "चला पुढं सरका, मागं जागा नाही." भेव वाटलं का माझ्या तोंडातून दुसराच कोणी बोलते, काय करणार.

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "तुझ्या स्वतःच्या आवाजात सांग."

मले सांगताच येईना. मग सांगितलं, हळूहळू सगळं.

त्यानं खोलीतली लाईट बंद केली, खालून टॉर्च लावली. पाणी असलं त उजेड आरपार लाल दिसते, म्हणाला. माझ्याइथं उजेड अडला. मग त्यानं बोटानं तपासलं आन् लाईट लावली. "हे पाणी नाही, गाठ आहे. आजच गोंदियाला जाऊन सोनोग्राफी कर. आज म्हणजे आज. पहिल्यांदा हाताला लागली तेव्हाच का नाही दाखवलीस?"

"दुखत नव्हतं."

"दुखत नसली तरी गाठ दाखवायची. आणि घरी टॉर्च लावून ठरवत बसायचं नाही."

सोनोग्राफी, रक्त, मग नागपूर. कॅन्सरच होता. जांघेतून चिरा देऊन डावी गोटी काढली. बाहेर पसरला नव्हता म्हणून वाचलो, आता तपासण्या चालू आहेत. एकीवर लग्नही होते, पोरंही होते, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. पाहिजे तर ऑपरेशनच्या आधी वीर्य साठवून ठेवता येते हे त्यानं सांगितलं तवा मामा उठून चहा प्यायले गेला.

आन् घरी आल्यावर मामानं गावभर काय सांगितलं? अपेंडिक्स. माझ्या तब्येतीले पाहायले लोक बिस्कीटचे पुडे घेऊन आले आन् अपेंडिक्सवर गप्पा मारून गेले. लग्न जुळणार नाही, खरं सांगू नोको, मामा म्हणे. म्हणजे मी मेलो असतो त पाण्यानं मेलो असतो, जगलो त अपेंडिक्सनं जगलो. खरी गोष्ट कोणाच्याच तोंडात नाही.

उभं राहता यायले लागल्यावर मी पहिले पानठेला गाठला आन् सगळं बोललो. हसले, अर्थातच. मी थांबलो नाही. सांगितलं का महिन्यातून एकदा गरम पाण्यानं आंघोळ झाल्यावर, कातडी सैल असते तवा, एकेक गोटी अंगठा आन् बोटाइच्या मधी हळू फिरवून पाहा. मागच्या बाजूले मऊ दोरीसारखं लागते, ते सगळ्याइले असते. एक थोडी मोठी, एक थोडी खाली, तेही चालते. पण कडक दाणा लागला, आकार बदलला, जड वाटलं, जांघेत नाहीतर पोटाखाली दुखत राहिलं, त डॉक्टर. आन् एकाएकी जीवघेणं दुखलं त सकाळचीही वाट नोका पाहू, पीळ पडलेली गोटी काही तासांत मरते. एक जण म्हणे, हेडमास्तरच्या आवाजात सांग ना. मी म्हटलं, नाही सांगत.

दोन दिवसांनी डीजेवाला दोस्त दुकानात आला. मामा बँकेत गेला होता. फोन बंद पडते म्हणे. मी उघडला, पाहिला, चार्जिंग लावली. फोनले काहीच झालं नव्हतं. तो काउंटरवर बोटं वाजवत उभा. जाईना.

"फोन चांगला आहे," मी म्हटलं. "तुले काय झालं ते सांग."

तो रस्त्याकडं पाहून राहिला. "उजवीकडं आहे," म्हणे. "पाणीच असन ना?"

मी शटर खाली ओढलं. मामाची गाडी काढली. तो म्हणे, उद्या गेलो त, आज डीजेचं बुकिंग आहे. मी त्याले ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाही, पण त्या एकूण एक माझ्याच आवाजात होत्या. बसला मागं.