नकार ऐकून घेणाऱ्या शिरसाट मॅडम

गौरव समितीच्या मंडळींनी आधी मला माफ करावे. लेख दिवाळीपूर्वी मागितला होता, मी आज पाठवतो आहे. चार वेळा लिहिला आणि चार वेळा फाडला. माझे शिक्षण नववीपर्यंत, आणि लिहायचे मॅडमबद्दल. काही कमीजास्त झाले तर काय, या काळजीतच दिवस गेले.

श्रीमती मंगला शिरसाट मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांची माझी ओळख छावणीतल्या डेपोत झाली. लष्करी गाड्यांचे सुटे भाग तिथे साठवले जात. मी गंगापूरहून येऊन मजूर म्हणून लागलो आणि हळूहळू गोदामात वरिष्ठ झालो. मॅडमही गणवेशातल्या नव्हत्या. आमच्यासारख्याच नागरी कर्मचारी; सोयगावच्या, कारकून म्हणून लागून अधिकारी झालेल्या. वरिष्ठ नागरी कर्मचाऱ्यांसाठी नेतृत्व विकासाचा तीन आठवड्यांचा वर्ग त्यांनी आमच्याकडे सुरू केला. पहिल्याच तुकडीत माझे नाव आले. वर्ग संपल्यावर मॅडम जो अहवाल देतील त्यावर माझे गोदामप्रमुखपद ठरणार होते. मला तेव्हापासून जेवण जाईना.

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारले, "लष्करी साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात. तुम्ही तीस-तीस वर्षं इथंच असता. मग डेपो सांभाळतं कोण?" आम्हाला वाटत होते, साहेबच सांभाळतात.

मग त्या खुर्चीत साहेब होऊन बसल्या आणि मला हुकूम सोडला, "थिनरची पिंपं बॅटरी चार्जिंगच्या खोलीत ठेवा."

मी ताठ उभा राहून म्हणालो, "जी साहेब."

"ठेवली?"

"जी साहेब."

"मग आता आग विझवायला कोण येणार, बोरुडे?"

सगळा वर्ग हसला. थिनर पेट घेते आणि चार्जिंगच्या खोलीत ठिणगी उडते, हे मला ठाऊक नव्हते का? गोदामात एवढी वर्षे गेली होती. पण हुकूम आला की तोंडातून तेच निघायचे. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही म्हणणं हे तुमच्या नोकरीचं काम आहे. कारण सांगा, दुसरा मार्ग सांगा, पण गप्प राहू नका." माझ्या शेजारी आमचे फोरमन रशीदभाई होते. ते कानात पुटपुटले, "मियाँ, साहब कू ना बोलने का? मेरे कू अभी पेन्शन लेनी है!"

वर्गातले कागद इंग्रजीत असत. मला ते वाचता येत नव्हते आणि मी ते लपवत होतो. मॅडमच्या ते दुसऱ्याच दिवशी लक्षात आले. पण त्या चारचौघांत बोलल्या नाहीत. दुपारच्या सुट्टीत पायरीवर डबा उघडून बसत आणि "बसा, मलाही एकदा उजळणी होईल," असे म्हणत पान न् पान मराठीत सांगत. तीन आठवडे हे चालले. कोणाला कळले नाही.

समारोपाच्या दिवशी हॉलला रंग देणे चालू होते, म्हणून मॅडमनी कार्यक्रम माझ्या गोदामात ठेवला. सकाळी ऐन वेळी मी पाहिले तर मॅडमनी मंच नेमका मागच्या दारासमोर उभारून घेतलेला. आग लागली तर बाहेर पडायला तेच दार. पुढच्या दाराशेजारी बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या. पन्नास माणसे आत बसणार, आणि डेपोचे लष्करी प्रमुख, कमांडंट साहेब, यांची गाडी तर आवारात आली. मॅडमच्या बॅगेत माझा अहवाल होता, सही व्हायची बाकी. रशीदभाईंनी माझा हात धरला, "आज नक्को, बोरुडे. आज के दिन चूप."

मी हात सोडवून घेतला. आणि कमांडंट साहेबांच्या समोरच म्हणालो, "मॅडम, इथं कार्यक्रम नाय करता येणार. मागचं दार मंचानं बंद झालंय. मंच डाव्या भिंतीला घ्यावा लागंल."

मॅडमनी वळून दाराकडे पाहिले. मग साहेबांना म्हणाल्या, "सर, चूक माझी आहे. थोडं थांबावं लागेल." साहेब बाहेर उन्हात उभे राहिले. मंच हलवायला स्वतः मॅडमनी एका बाजूने हात लावला.

कार्यक्रम झाल्यावर मी भीतभीत विचारले, "मॅडम, ते मुद्दाम केलं होतं ना? परीक्षा म्हणून?"

त्या म्हणाल्या, "नाय हो. मला खरंच दिसलं नव्हतं ते दार. लई बरं झालं बोललात."

संध्याकाळी अहवालावर सही झाली. मी पुढे निवृत्तीपर्यंत गोदामप्रमुख होतो. नकार द्यायला शिकवणारे पुष्कळ असतील. स्वतःला मिळालेला नकार साहेबांसमोर मान्य करणारे अधिकारी मी नोकरीत एकच पाहिले.

मॅडमना उदंड आयुष्य लाभो, पायांत बळ राहो. आणि त्यासाठीच समितीला एक सांगायचे आहे. हवे तर हा मजकूर छापू नका, पण वाचा. सत्कार शहागंजात दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात ठेवला आहे. तिथे लिफ्ट नाही. मॅडमच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे, आणि आपल्यासाठी त्या एक शब्द न बोलता जिना चढतील. हे बरोबर नाही. छावणीतल्या शाळेचे पटांगण त्या दिवशी रिकामे आहे, मी विचारून आलो. शाळा गुरुवारपर्यंत थांबेल. काय ठरले ते मला लवकर कळवा. तोवर मला झोप लागायची नाही.