मास्टरचा रशियन

बँडवाल्यांकडे किस्से का साचतात, ते सांगतो. आम्ही वाजवतो तास-दीड तास आणि थांबतो दिवसभर! नवरदेवाचा फेटा सापडत नाही, घोडी येत नाही, मामा रुसून बसलेला असतो. तोवर सहा माणसं लाल कोट घालून उन्हात उभी. अशा वेळी माणूस बोलणार नाही तर काय करणार? मी बालाघाटच्या एका बँडमध्ये एकवीस वर्षं क्लारनेट वाजवतोय, म्हणजे एकवीस वर्षं मुख्यतः उभा आहे.

पण यातले चांगले किस्से सगळे एकाच माणसाचे. आमचे नामदेव मास्टर, ट्रम्पेटवाले. त्यांना एका रशियन संगीतकाराचं वेड आहे. जुन्या काळचा नाही, आधुनिक. आपल्या वडिलांच्या वेळेपर्यंत लिहिता होता. नाव इथे देत नाही. दिलं तरी तुम्ही त्यावरून उडी मारून पुढे जाल, आम्हीही तेच करतो. आम्ही त्याला नुसतं 'रशियन' म्हणतो.

मास्टरचे वडील बैहरकडच्या तांब्याच्या खाणीवर रशियन इंजिनिअरांचा स्वयंपाक करायचे. जाताना त्या लोकांनी एक स्वेटर दिला आणि एक कॅसेट. स्वेटर कुठे गेला माहीत नाही. कॅसेट मात्र मास्टरनी ऐकून ऐकून झिजवली. त्यातला एक संथ तुकडा सारेगममध्ये उतरवला आणि आमच्या सहा वाद्यांवर बसवला. अकरा मिनिटांचा. त्यांची इच्छा एकच. बँडच्या दुकानाबाहेर, लोकांत, हा तुकडा एकदा पुरा वाजावा आणि कोणी एकानं तरी तो शेवटपर्यंत ऐकावा. एकानं! याहून लहान इच्छा मी माणसाची पाहिलेली नाही, आणि तीही पुरी होईना.

*

चातुर्मासात लग्नं नसतात. तेव्हा दुपारी बस स्टँडमागच्या आमच्या दुकानात बैठक बसायची. मास्टर फोनवर रशियन लावायचे, फोन स्टीलच्या डब्यात ठेवायचे म्हणजे आवाज वाढतो, आणि आम्ही गोल बसून ऐकायचो.

पहिल्याच बैठकीत काय झालं! त्या तुकड्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात. चांगली लांब शांतता आहे. आता आमच्यात एक रीत आहे. वरातीच्या वाटेत मयतीचं घर लागलं की मास्टर हात वर करतात, बँड बंद, आणि ते घर ओलांडेपर्यंत फक्त पावलांचा आवाज. आमचे ढोलवाले गजभिये तीस वर्षं ही रीत पाळत आलेले. शांतता आली तशी त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली आणि हळूच मला विचारलं, "कोणाचं घर आलं बा?"

मी हसलो. मास्टर हसले नाहीत. म्हणाले, "गजभियेले समजलं. तुम्हाले नाही समजलं."

*

बैठकीनंतर मास्टर प्रत्येकाला विचारायचे, काय वाटलं? बासचा मोठा भोंगा वाजवणारा सुरेश सगळ्यात लहान, चाळिशीचा. हिंदी शाळेत शिकलेला, मराठी अडखळत बोलतो. त्यानं डब्यातला फोन काढून मास्टरच्या हातात दिला. मग म्हणाला, "मास्टर, इसके घर में सब ठीक था ना?"

"नव्हतं," मास्टर म्हणाले.

मला मात्र तो तुकडा समजायला तीन पावसाळे लागले. एक साधी चाल आहे, लहान पोर गुणगुणेल अशी. ती वर यायला बघते आणि खालून काहीतरी जड तिला दाबतं. पुन्हा येते, पुन्हा दाबली जाते. शेवटी थकते. एवढंच आहे त्यात. ज्या दिवशी समजलं त्या दिवशी मी सायकल हातात धरून पायी घरी गेलो. समजलं नसतं तर बरं झालं असतं, असंच मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

*

वारासिवनीला एक वरात होती, दुपारची. नेहमीची गाणी वाजवून झाली, नाचणारे दमले, म्हणून मास्टरनी डोळ्यांनी खूण केली आणि आम्ही रशियन सुरू केला. दोन मिनिटं झाली. नाचणारे हात वर करून तसेच उभे राहिले, पुढे काय करायचं कोणाला कळेना. घोडीसुद्धा थांबली!

नवरदेवाचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, घाम पुसत आले. "ये कौन सा गाना है, भैया?"

"रशिया का है, साहब," मास्टर अदबीनं म्हणाले.

फुफाजींनी विचार केला. खरंच केला, मी बघितलं. मग विचारलं, "तो रशिया में शादियाँ नहीं होतीं क्या?"

आम्ही परत नागिणीवर आलो.

*

आमच्या गावात रसिकांचं एक मंडळ आहे. नाव घेत नाही, चांगली माणसं आहेत. त्यांनी बाहेरगावच्या एका विद्वानांचं व्याख्यान ठेवलं, विषय नेमका आमचा रशियन! मास्टर चार दिवस आधीपासून हवेत होते. लाल कोट धुऊन, इस्त्री करून ते मागच्या रांगेत जाऊन बसले. शेजारी मी.

विद्वान दोन तास बोलले. सरकारनं त्याला कसं छळलं, मित्र कसे दूर झाले, तो भीत भीत कसा लिहायचा. चांगलं बोलले, खोटं नाही सांगत. शेवटी 'काही प्रश्न?' म्हणाले तेव्हा मास्टर उठले. "साहेब, ऐकवाल कधी?"

विद्वानांनी घड्याळ बघितलं. वेळ संपली होती.

बाहेर चहा होता. मंडळाच्या सेक्रेटरींची नजर मास्टरच्या कोटावर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा, बँडवाले आलेच आहेत! पाहुणे निघून राह्यले. काहीतरी हलकंफुलकं वाजवा ना!"

मास्टर वाट तुडवत घरी गेले. दोन दिवस दुकान उघडलं नाही.

*

मग दातांचं आलं. ट्रम्पेट ओठांनी वाजतं असं लोकांना वाटतं, पण ओठांच्या मागे दात लागतात. मास्टरचे पुढचे दोन वरचे दात हलायला लागले. डॉक्टर म्हणाले, काढावे लागतील.

"किती दिवस राहू देता येतीन?" मास्टरनी विचारलं.

"काहून? चणे खायचे आहेत का तुम्हाले?" डॉक्टर हसले.

मास्टरनी 'हौ' म्हटलं. दुसरं काय सांगणार? महिना मिळाला. दुकानात येऊन त्यांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा गजभियेंनी ढोलाच्या दोऱ्या उगाचच आवळायला घेतल्या. कवळी लावून वाजवणारे असतात म्हणे. मास्टरनी नाही म्हणून मान हलवली. मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघवलं नाही.

*

त्या महिन्यात एक लग्न मिळालं, बालाघाटातच. गेलो तर समोर डीजेची गाडी, भिंतीएवढे स्पीकर! आम्ही विचारलं, मग आमचं काय काम? व्हिडिओवाला म्हणाला, "बस हाथ में पकड़े रहो. लुक अच्छा आता है."

बाकीचे चिडले. मास्टर मात्र पहिल्यांदाच खूश दिसले. म्हणाले, "कोणी थांबवणार नाही. चला, रशियन."

आणि आम्ही वाजवला! पुरा, अकराच्या अकरा मिनिटं, डीजेच्या मागे चालत. स्वतःच्या क्लारनेटचा आवाज मला येत नव्हता, दातांत नुसती थरथर जाणवत होती. वाजवून झाल्यावर गजभियेंनी मास्टरच्या कानाला तोंड लावून ओरडून विचारलं, "बराबर वाजलं का?"

"काय माहीत बा!" मास्टर ओरडले.

ऐकलं कोणीच नाही, म्हणून हे वाजवणं हिशेबात धरायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

*

शेवटचं लग्न आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या एका गावातलं. दात सोमवारी निघणार होते, हे लग्न शुक्रवारी. मुलीकडच्यांनी आम्हाला बोलावलं होतं, वरात गावात घ्यायला. आम्ही सकाळी दहापासून मांडवाच्या कडेला उभे. बारा वाजले, एक वाजला. मग कोणाचा तरी फोन वाजला, बायका आत धावल्या, आणि थोड्या वेळानं कळलं की वरात वाटेतल्या किरनापुरावरूनच परत फिरली. काहून, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

मांडव रिकामा व्हायला अर्धा तास लागला. पाहुणे एकमेकांकडे न बघता मोटारसायकली काढून गेले. मुलीचे वडील घरात जाऊन झोपले म्हणे. वाढायला घेतलेला भात उघडाच राहिला. आम्हाला जा म्हणायचंही कोणाला सुचलं नाही.

"चलते हैं, मास्टर," सुरेश म्हणाला.

मास्टरनी ट्रम्पेट पुसलं. "थांबा. रशियन घ्या."

"मास्टर, लोकं मारतीन," गजभिये म्हणाले.

"कोणते लोकं?"

खरंच होतं. दोनशे खुर्च्या होत्या आणि माणूस एक नव्हतं. मला लाज वाटत होती. दुसऱ्याच्या दारात, असल्या दिवशी! पण मास्टरनी श्वास घेतला आणि मग आम्हालाही घ्यावा लागला.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला घराचं दार उघडलं. मला वाटलं, झालं, आता खाऊ मार. नवरी बाहेर आली. पिवळी साडी, हाताला हळद, एका पायातलं पैंजण काढलेलं. मागून कोणी बाई "अवं, कुठं चालली!" म्हणत होती, तिनं ऐकलं नाही. पहिल्या रांगेतली एक खुर्ची आमच्याकडे वळवली आणि बसली. रडत नव्हती. सुरेशचा बास चुकला, माझे दोन सूर गेले, मास्टरचा एकही गेला नाही. ती चाल वर आली, दाबली गेली, पुन्हा आली, थकली. संपलं.

मास्टरनी तोंडावर रुमाल धरला, तो लाल झालेला मला दिसला.

"काका," मुलगी म्हणाली, "सकाळपासून सगळे मले म्हणून राह्यले, काही नाही होत, काही नाही होत. तुम्ही पुन्हा वाजवा हे."

मास्टरनी रुमाल खिशात ठेवला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

"कुठून वाजवू, माय?"

"पयल्यापासून."