टक्कल आणि पिठलं-भात

आता कुठल्या तोंडानं सांगू! चांगलं काम करायला गेलो आणि जिवंत बापासाठी धाय मोकलून रडून बसलो. थांबा, नीट सांगतो.

मी अमेरिकेत, पार्सिपनीत सुधीरकाकांच्या रेस्टॉरंटमध्ये पोळ्या करतो आणि त्यांच्याच घरी बेसमेंटमध्ये राहतो. शाळा नववीत सोडली, चारचौघांत बोलणं त्याच्याही आधी. आमच्याकडे जेवायला येणाऱ्या एका छोट्या मुलीचे कॅन्सरच्या औषधांनी केस गेले. अशा मुलांच्या विगसाठी आपले केस देता येतात असं कळलं, आणि मी गुपचूप केस वाढवू लागलो. लोकांना वाटलं, पोराला हिरो व्हायचंय. वाटू दे!

परवा रविवारी सलूनमध्ये जाऊन शेपटा कापून दिला. मागे जे उरलं, ते उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसत होतं. म्हटलं, सगळंच काढा. डोकं तुळतुळीत!

आता माझी अक्कल बघा. महिन्यापूर्वीच गावी बाबांची बायपास झालेली, आणि काका-काकूंना ते माहीत. अशा वेळी मुलगा मुंडन करून दारात उभा राहिला, तर आपली माणसं काय समजतील? मला हे का सुचू नये?

सोमवारी सकाळी काकूंनी माझं डोकं पाहिलं आणि तशाच वर गेल्या. मग काका आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, चार दिवस कामावर येऊ नकोस. मला वाटलं, केस दिल्याचं यांना कळलेलं दिसतंय. केवढं हे कौतुक! मी लाजून मान खाली घातली.

थोड्या वेळानं काकू पिठलं-भात घेऊन आल्या. मागे शेजारच्या शोभामावशी, डोळ्यांना रुमाल लावून.

पिठलं-भात? शेजारून पिठलं-भात कुणाच्या घरी जातो, हे कळायला काय शाळा शिकावी लागते?

"काकू, कोण गेलं?"

काकूंना रडूच फुटलं. "असं करू नकोस रे. बाबा गेले, आता मनाला समजवायला हवं."

म्हणजे गावाहून फोन यांना आला आणि मलाच कुणी सांगितलं नाही! मी जो हंबरडा फोडला, विचारू नका. त्या रडतात म्हणून मी, मी रडतो म्हणून त्या. मावशी म्हणत होत्या, रडू दे, मोकळा होईल.

शेवटी आईचं सांत्वन करायला काकांनी व्हिडिओ कॉल लावला.

फोन बाबांनी उचलला. तोंडात घास.

काकांनी फोन तसाच माझ्या हातात कोंबला. बाबांनी माझं डोकं पाहिलं आणि त्यांचा घास तोंडातच राहिला.

"अरे, मुंडन का केलंस? कोण गेलं?"

"तुम्ही," मी म्हणालो.

"कुणी सांगितलं?"

मी काकूंकडे बोट दाखवलं. काकूंनी माझ्या टकलाकडे.