आईच्या बोटांतली जपमाळ

आज नोव्हेंबरची दोन तारीख. पिंप्राळ्याहून रिक्षानं येताना कॅथलिकांच्या दफनभूमीतून वितळलेल्या मेणाचा वास आला. तिथे आज कबरींवर मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना करतात. आम्हा प्रोटेस्टंटांत तसं नसतं. माणूस गेला की तो देवाच्या हाती, त्याच्यासाठी मागण्यासारखं काही उरत नाही.

आई मात्र जन्माची कॅथलिक. लग्नानंतर दोंडाईचाला आली आणि पप्पांच्या चर्चमध्ये जाऊ लागली. ती वारली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. शवपेटी बंद करायच्या आधी, सातपुड्याजवळच्या गावाहून आलेल्या आजीनं तिच्या गार बोटांत जपमाळ गुंफली. माझे काका चर्चच्या पंचांपैकी एक. ते पुढे झाले.

"आजी, माळ काढा. आपण मरियेकडे मागत नाही. येशू आणि आपण, मध्ये कोणी नाही."

"मी तिनी माय शे," आजी म्हणाली. "तिले काय लागस ते माले माहीत शे."

काका माझ्याकडे वळले. "तू सांग. तुझी आई घरी माळ जपायची का?"

रोज संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून आई माळ जपायची. 'पप्पांना सांगू नको' म्हणायची.

"नाही," मी म्हणाले.

काकांनी माळ सोडवून आजीच्या हातात दिली. आजीनं ती पदराच्या टोकाला बांधली. आईचं गुपित राखलं, असं तेव्हा मला वाटलं. पण आईला त्या गुपिताची गरज उरली नव्हती. चार लोकांत चांगली मुलगी ठरायचं होतं ते मला.