हरिणीचा गहू

आमच्या हिच्या मते मी देवळातून बाहेर पडताना देवाच्या आधी चपलांची काळजी करणारा माणूस आहे. आहेच. संशय घ्यायला मला कारण लागत नाही, आणि घेतलेला संशय बहुतेक वेळा खरा ठरतो, असं त्या काळी मी छातीठोकपणे सांगत असे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. घर शारजात, रोल्लाच्या बाजूला. नोकरी उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, प्लॅस्टिक पाइपच्या कारखान्यात. सकाळी सगळी शारजा दुबईच्या दिशेने तुंबलेली असायची आणि मी उलट्या बाजूने मोकळ्या रस्त्यावरून ऐटीत जायचो. कारखान्याचं मागचं कुंपण संपलं की वाळू सुरू. कूलिंग टॉवरचं पाणी तिथे झिरपायचं, त्यावर थोडं गवत उगवलं होतं, आणि ते खायला सकाळी एक हरिणी यायची. वाळूच्याच रंगाची, बरगड्या दिसणारी. सोबत पाडस. पहिल्यांदा दिसली त्या दिवशी मी चहा पिणं विसरलो. ती रोज यावी म्हणून मी तिला खायला घालायचं ठरवलं.

पाइपच्या कारखान्यात आणखी काय सुचणार? रिजेक्ट झालेला सहा इंची पाइप घेतला, खाली एल्बो म्हणजे वाकडा जोड बसवला, वर टोपण. वरून गहू भरायचा, खालून तिने खाल्ला की आणखी उतरेल, अशी योजना. पहिल्या दिवशी सगळा गहू भसकन वाळूत सांडला. मग एल्बोच्या तोंडाशी ओठासारखी पट्टी चिकटवली, तिचं तोंड कापू नये म्हणून कडा कानशीने घासल्या, आणि पाइप कुंपणाबाहेरच्या घाफच्या झाडाला क्लॅम्पने आवळला. चौथ्या दिवशी हरिणीने त्यात तोंड घातलं. मी खिडकीतून बघत होतो. मला इतका आनंद झाला की घरी फोन करून सांगितलं.

आमचे मेंटेनन्सचे फोरमन रत्नागिरीकडचे. वयाने मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणे. परमुलखात मराठी बोलायला मिळतं म्हणून डबा त्यांच्याबरोबर खायचो. आम्ही शाकाहारी, म्हणून ईदला त्यांच्या घरून आमच्यासाठी मुद्दाम सांदणं यायची. त्यांनी पाइप बघितला, त्यात हात घालून बघितला, आणि म्हणाले, "साहेब, हिला गवत द्या. गव्हाची सवय नाय हिला. दिलात तर मूठभरच."

मी हसून सोडून दिलं. पण त्यानंतर ते फार चौकशा करू लागले. किती वाजता येते, पाडस अजून पितं का, कुठल्या बाजूने येते. एकदा डबा खाताना त्यांनी सांगितलं की लहानपणी वडिलांबरोबर ते भेकराच्या शिकारीला जात. माझा घास तोंडातच राहिला. मग पाइपमधला गहू हिशेबाबाहेर कमी होऊ लागला. वाळूत खुरांचे ठसे थोडे आणि सँडलचे जास्त. त्यांच्या पिकअपमध्ये मागे एक गोणपाट आणि दोरीचं वेटोळं दिसलं. दोन अधिक दोन चार करायला मला वेळ लागत नाही.

एका सकाळी मी लवकर पोचलो. चाचा झाडापाशी गुडघे टेकून बसले होते, कोपरापर्यंत हात पाइपमध्ये, आणि गहू उपसून गोणीत भरत होते. मी जाऊन विचारायला हवं होतं. चार पावलांवर तर होते. पण मी गाडीत बसून राहिलो आणि ते आत गेल्यावर मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. नाव घेतलं नाही. मागचं गेट कुणीही वापरतं, हरणं मारणं इथे गुन्हा आहे, उद्या पोलीस आले तर कंपनीवर येईल, एवढंच म्हणालो. मागच्या गेटची चावी एकाच माणसाकडे होती, तेव्हा नाव घ्यायची गरज नव्हती. मॅनेजर म्हणाला, "खलास. चावी आजपासून तुझ्याकडे." चाचांनी ती मुकाट्याने माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी फाइलमध्ये डोकं घालून होतो.

त्याच दुपारी मी पाइप साफ केला. एल्बोच्या आत चिंध्यांचा घट्ट बोळा सापडला. म्हणजे हरिणीला जेमतेम दाणे मिळावेत आणि बाकीचे यांना, असा कावा. बोळा मी फेकून दिला. आता गहू कसा झरझर उतरत होता.

त्या वर्षी वसुबारस शुक्रवारी आली, सुट्टीच्या दिवशी. शारजात गाय-वासरू कुठून आणणार? दरवर्षी ही चांदीच्या छोट्या गाईवर भागवायची. या वेळी म्हणाली, जिवंत आई आणि पिल्लू आहे ना तुमच्याकडे, त्यांनाच नैवेद्य दाखवू. संध्याकाळी मुलीला घेऊन आम्ही तिघं गेलो. हिने उडदाचे वडे, भात आणि गूळ झाडाखाली मांडला, मी पाइप काठोकाठ भरला. हरिणी लांब उभी होती, तिला तिथूनच ओवाळलं. मुलगी म्हणाली, "Baba, she's looking at us." मला खरंच वाटलं की आपल्या हातून काहीतरी पुण्य होतंय.

शनिवारी सकाळी हरिणी झाडाखाली मरून पडली होती. पोट ढोलासारखं फुगलेलं, तोंडाला फेस. पाडस थोड्या अंतरावर उभं. माझ्या मनात पहिला विचार काय यावा? विष. चावी काढून घेतली म्हणून यांनी सूड घेतला. मी तावातावाने वर्कशॉपमध्ये गेलो आणि चाचांना म्हणालो, जरा मागे चला.

ते आले. खाली बसले, तिच्या पोटावर हात दाबला, मग पाइपमध्ये घातला. अर्ध्याहून जास्त पाइप रिकामा होता. बोळा कुठाय, त्यांनी विचारलं. काढला, मी म्हणालो.

"शेळ्या अशाच जातात आमच्याकडे," ते म्हणाले. "दाण्याच्या कणगीत तोंड घातलं की संपलं. गहू पोटात आंबतो, फुगतो. तिला कळत नाय कुठे थांबायचं."

नंतर स्टोअरमध्ये त्यांनी मला गोणी दाखवली. माझा उपसलेला गहू, जसाच्या तसा, तोंड शिवून ठेवलेला. दोरी हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या बांधायची होती. येताना रस्त्यावरून ते चारा आणत आणि झाडामागे टाकत. मी झाडामागे कधी गेलोच नव्हतो, खिडकीतून फक्त माझा पाइप दिसायचा.

खड्डा आम्ही दोघांनी खणला. पाडस जवळ येत नव्हतं आणि लांबही जात नव्हतं. ते अजून आईचं दूध पितं का, हे त्यांनी का विचारलं होतं ते मला तेव्हा कळलं. वाळू सारखी आत घसरत होती, त्यामुळे वेळ लागला. मला राहवलं नाही. मी म्हणालो, चाचा, मॅनेजरकडे मीच गेलो होतो.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"मग तेव्हाच मला बोलला का नाहीत? त्या बोळ्याचं सांगायचं होतंत."

त्यांनी फावडं टेकवलं, घाम पुसला. "सांगितलं असतं, तर माझ्यावर विश्वास ठेवला असतात?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच विचारायचं होतं. मी त्या मेलेल्या हरिणीकडे बघितलं आणि नाही म्हणालो.