आठ किलो आणि हुग्गीचा डबा

खटकचिंचोळीच्या बसस्टँडसमोर नागरत्नाची खानावळ आहे. पाटीबिटी काही नाही. भालकीची बस येऊन थांबली की ड्रायव्हर-कंडक्टर जिकडे वळतात ती खानावळ, एवढी खूण पुरते. बावीस वर्षं ही बाई लोकांना जेवू घालते आहे, आणि माणूस पोटभर जेवला की भिडेखातर उठला, हे ती त्याच्या तोंडाकडे बघून सांगते. अशा बाईला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी 'तू कमी खा' असं कुणी सांगावं, हीच मुळात उलटी गोष्ट. पण सांगावं लागलं.

तिच्या धाकट्या भावाच्या, प्रशांतकुमारच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. गावातच त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मंगळवारी आणि शुक्रवारी बीदरला जाऊन डायलिसिस करून यायचा, उरलेले दिवस दुकानात बसायचा. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळला नाही, नागरत्नाचा जुळला. ती तिथल्या तिथं म्हणाली, "माझी घ्या." प्रशांत काहीच बोलला नाही, आणि बोलला नाही म्हणजे त्याला कबूल आहे असं तिनं धरलं. आईमागं तिनंच त्याला वाढवलेला. त्याला वेगळं विचारायची तिला सवयच नव्हती.

हैदराबादच्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त चांगलं, साखर नाही, हृदय ठणठणीत. काट्यावर मात्र अठ्ठ्याहत्तर किलो भरले. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, सत्तरवर या. चार महिने देतो. त्याच्यापुढं तुमच्या भावाला थांबवणं बरं नाही."

म्हणजे आठ किलो. ज्वारीचे असते तर बाईनं एका हातानं उचलून ठेवले असते.

आहाराच्या बाईंनी एक कागद दिला. सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली, संध्याकाळी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. गळ्यात इष्टलिंग असलेल्या बाईच्या घरात अंडं शिरणार नव्हतं, ते पहिल्याच दिवशी कटाप झालं. ओट्स भालकीत मिळाले. ते शिजवल्यावर नागरत्नानं डावाला चिकटलेला लगदा बघितला आणि हे पोस्टर चिकटवायला बरं, असं म्हणून म्हशीला घातला. ब्रोकोली म्हणजे हिरवा फ्लॉवर, हे तिच्या नवऱ्यानं, शिवशंकरप्पानं, मोबाइलवर दाखवलं. तो खानावळीच्या दारात खुर्ची टाकून बसतो आणि जगातली सगळी माहिती त्याला असते.

माहिती तर सगळ्यांनाच होती. एक जण म्हणाला भात सोडा, दुसरा म्हणाला भाकर सोडा. शेजारीण म्हणाली सकाळी उठून गरम पाण्यात लिंबू. कंडक्टर म्हणाला त्याच्या मेव्हणीनं नुसत्या काकडीवर अकरा किलो उतरवले. पुढं ती चक्कर येऊन पडली हे त्यानं मागाहून सांगितलं. एक ना धड भाराभर चिंध्या. नागरत्ना प्रत्येकाचं ऐकायची, आणि स्वयंपाकघरात आल्यावर आपण नक्की काय करायला आलो होतो हेच तिला आठवायचं नाही.

त्यात भावाचा कागद वेगळा. तो दुपारी तिच्याकडेच जेवायचा. तिला म्हटलेलं पालेभाजी भरपूर खा, त्याला पालक बंद. तिला टोमॅटो, काकडी, कोशिंबीर हवी तेवढी. त्याची भाजी दोनदा उकळून पाणी फेकून द्यायची. तिनं दिवसात तीन लिटर पाणी प्यायचं, त्याला तांब्याभर पाण्यात दिवस काढायचा. एका चुलीवर दोन भांडी, आणि एकात जे अमृत ते दुसऱ्यात विष. एकदा तिनं चुकून स्वतःच्याच भाजीचं पाणी ओतून दिलं आणि कितीतरी वेळ रिकाम्या पातेल्याकडे बघत बसली.

पण हाताला चव असलेली बाई फार दिवस गोंधळून बसत नाही. कागद तिनं डब्याखाली ठेवला आणि आपलं आपण सुरू केलं. ओट्सऐवजी ज्वारीच्या कण्या, त्यात गाजर, घेवडा, वरून कढीपत्ता आणि चमचाभर तेलाची फोडणी. हिरव्या मुगाचं धिरडं, आल्या-मिरचीचं, तव्याला नुसतं पुसल्याएवढं तेल. मोड आलेली मटकी वाफवून वर कच्चा कांदा आणि लिंबू. पुंडीच्या, म्हणजे अंबाडीच्या, आंबट पाल्यात तुरीची मूठभर डाळ, सोबत एक पातळ भाकर. भूक लागली की पाणीदार ताकातलं ज्वारीचं अंबील. पोट भरायचं, तोंडालाही कंटाळा यायचा नाही. भालकीच्या बसचा ड्रायव्हर एक दिवस म्हणाला, "अक्का, तुमच्या ताटातलं मला वाढा की, माझं कामून रोज वांगंच?" मग मंगळवारी धिरडं गिऱ्हाइकांनाही मिळायला लागलं.

वजन करायला ती रविवारी धोंडप्पाच्या अडतीवर जायची. तुरीची पोती जिथं चढवतात त्या काट्यावर चप्पल काढून उभी राहायची, आणि धोंडप्पा मोठ्यानं आकडा वाचायचा. बाईमाणसाचं वजन असं जाहीर होऊ नये, पण धोंडप्पाला हळू वाचता येत नव्हतं. अठ्ठ्याहत्तर. शहात्तर आठशे. पंचाहत्तर. दीड महिन्यात चौऱ्याहत्तर दोनशे. नागरत्नानं त्या दिवशी घरी येऊन लिंगपूजा जरा जास्त वेळ केली.

त्याच सुमारास प्रशांतनं प्रसाद आणायला सुरुवात केली.

बीदरच्या वाटेवर एक मठ आहे, तिथं रोज दासोह असतो, म्हणजे येईल त्याला जेवण. डायलिसिसहून येताना आपण तिथं उतरतो, असं त्यानं सांगितलं. स्टीलचा डबा भरून हुग्गी, म्हणजे गव्हाची, गुळातली खीर. "स्वामींनी तुझ्यासाठी दिलंय, अक्का. जी किडनी देणार तिनंच खावं मनाले, वाटायचं न्हाई."

नागरत्नानं डबा कपाळाला लावला. तिच्या माहेरी एकच शिस्त होती, आणि ती त्यांच्या आईनं, मल्लव्वानं, दोन्ही लेकरांच्या हाडात भिनवलेली: वाढलेलं टाकायचं नाही, प्रसादाला नको म्हणायचं नाही. जेवण झाल्यावर ताटात दोन घोट पाणी ओतायचं, बोटानं शितं गोळा करायची आणि ते पाणीसुद्धा पिऊन टाकायचं. प्रशांतला पाणी मोजून असायचं, तरी तो दोन घोट ताटासाठी राखून ठेवायचा. तहान सोसायचा, पण ताट धुऊन प्यायचा.

मंगळवार-शुक्रवार डबा यायला लागला. तूप असं की बोटं ओशट व्हायची. "मठाला कुणी मोठा दाता भेटलाय जणू," ती एकदा म्हणाली. प्रशांत हसला नाही.

आणि काटा अडला. चौऱ्याहत्तर सहाशे. मग पंचाहत्तर शंभर. मग पंचाहत्तर चारशे. धोंडप्पानं तो आकडा पहिल्यांदाच हळू वाचला.

नागरत्नाला काही कळेना. तिनं भाकर अर्धी केली. कण्यांतलं तेल काढलं. शेंगदाण्याची चटणी डोळ्यांसमोरून हलवली. ताकातलं पाणी वाढवत नेलं, शेवटी त्यात ताक उरलं नाही. सकाळी शाळेच्या मैदानाला पाच फेऱ्या मारल्या. तरी आकडा वरच. आपल्या अंगात काही खोट आहे की काय, देवाच्याच मनात नाही की काय, असे विचार तिला यायला लागले, आणि त्या विचारांची तिला भीती वाटायची. सात आठवडे राहिले होते. प्रशांतचे पाय सुजायला लागले होते.

शेवटी शिवशंकरप्पानं आहाराच्या बाईंना फोन लावून दिला. नागरत्ना रोजचं खाणं वहीत लिहून ठेवायची, ते सगळं तिनं वाचून दाखवलं.

"आणखी काही खाता?" बाईंनी विचारलं.

"न्हाई."

"आणि तो डबा?" शिवशंकरप्पा मधेच म्हणाला.

"अवो, तो प्रसाद हाय. प्रसाद काय खाणं असतंय का?"

मग बाईंनी डबा केवढा, तूप किती, आठवड्यातून किती वेळा, असं विचारलं, आणि फार सावकाश सांगितलं, "अम्मा, देवाला तो प्रसाद आहे. तुमच्या पोटाला ती हुग्गीच आहे."

हे नागरत्नाला पटलंही आणि पटलंही नाही. वहीत तिनं चिमूटभर शेंगदाणेसुद्धा लिहिले होते, पण प्रसाद लिहायचा असतो हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आता नको म्हणावं तर पाप, खावं तर भाऊ जायचा. हा पेच स्वामींनीच सोडवावा म्हणून गुरुवारी सकाळी ती बीदरच्या बसमध्ये बसली आणि मठापाशी उतरली.

दासोहाच्या चुलाण्यापाशी म्हातारा काशप्पा भात उपसत होता. तिनं पदर सावरून सांगितलं, "माझा भाऊ दर मंगळवारी-शुक्रवारी येतोय. त्याच्याकडं हुग्गी जरा कमी द्या मनून स्वामींना सांगायचं होतं."

काशप्पानं झारा बाजूला ठेवला. "कोन भाऊ, बाई? स्वामी तर दीड महिना झाला, धाकट्या मठाकडं गेल्यात. आन हुग्गी हितं रोज कुठली? अमुशाला असती. रोज भात आन सार."

नागरत्ना तिथंच पायरीवर बसली. काशप्पानं वाढलेला भात-सार तिनं खाल्ला, ताट धुऊन प्यायली. तूप नावालाही नव्हतं. बीदरहून येणाऱ्या परतीच्या बसमध्ये ती हिशोब लावत राहिली आणि तो लागेना. मठाचा नाही तर कुणाचा डबा? महिनाभर आपण काय कपाळाला लावत होतो? आणि देवाच्या नावावर खोटं बोलणारा हा माणूस आपणच वाढवला काय?

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी प्रशांत डबा घेऊन आला. खानावळ रिकामी होती. नागरत्नानं डबा घेतला, पण कपाळाला लावला नाही. मधल्या टेबलावर ठेवला.

"कुठून आणायलास हे?"

"मठातून."

"काल गेलते मी मठात."

प्रशांत बाकावर बसला. त्याचा डायलिसिसचा हात पट्टीत होता, तो त्यानं मांडीवर घेतला. मग म्हणाला, "बीदरच्या स्टँडाजवळ एक आचारी हाय. त्याच्याकडून करून घेतो. तूप जास्त घाल मनून सांगतो."

"कामून?"

"तुझं वजन उतरू नये मनून."

नागरत्नाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

"मला तुझी किडनी नको हाय, अक्का. तुला पोरं हायेत, दाजी हायेत, ही खानावळ हाय. ऑपरेशनच्या टेबलावर तुला काय झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? नको मनलो असतो तर तू ऐकली असतीस का? आजवर माझं कदी ऐकलीस? प्रसादाला मातर तू नको मनत न्हाईस. येवढं एकच मला म्हाईत होतं."

ती चिडली, फार चिडली. डबा उचलून बाहेर फेकावा असं तिला वाटलं, आणि हात पुढं जाईना, कारण अन्न ते अन्नच. त्याला मारावं असंही वाटलं. आणि त्याच वेळी, महिनाभर हा डबा मांडीवर धरून बसमध्ये बसलेला तिचा भाऊ तिला दिसत होता, स्वतःचे पाय सुजत असताना. रागावायचं की रडायचं हे तिला ठरवता येईना. त्याला आपण कधी विचारलंच नव्हतं, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

ती आत गेली. त्याचं ताट वाढलं: दोनदा उकळलेला दुधी, भाकर, थोडा भात. आणून त्याच्यापुढं ठेवलं.

"जेव."

तो खाली मान घालून जेवला. ती समोर बसून राहिली. जेवण संपत आलं तेव्हा म्हणाली, "खोटं बोललास, ते तुझं तू देवाला सांग. मी इचारलं न्हाई, ती माझी चूक. आता इचारते. आईनं आपल्या दोघांला एकच शिकवलंय, वाढल्यालं टाकायचं न्हाई. मी वाढायलेय. तू टाकणार हाईस का?"

प्रशांत काही बोलला नाही. पण या वेळी नागरत्नानं त्याच्या न बोलण्याचा अर्थ लावला नाही. ती थांबली. जेवलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून सगळं ओळखणाऱ्या बाईला आज काहीच ओळखता येत नव्हतं.

त्यानं तांब्या बघितला. तळाशी दोन घोट राहिले होते. ते त्यानं ताटात ओतले, बोटानं कडेची शितं गोळा केली, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि पाणी पिऊन टाकलं.

"रविवारी अडतीवर मी बी येतो," तो म्हणाला. "आकडा मी वाचतो. धोंडप्पा लई वरडतोय."

नागरत्ना ताट उचलून आत गेली आणि मोरीपाशी उभं राहून पोटभर रडली. मग डोळे पुसून बाहेर आली आणि हुग्गीचा डबा भालकीच्या बसच्या ड्रायव्हरला देऊन टाकला.